पेरोल सॉफ्टवेअरची कंपनी गुगलवर दिसावी म्हणून: ठाणे-नवी मुंबईत या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी

वागळे इस्टेटमध्ये साठ-सत्तर कामगारांच्या एखाद्या युनिटमध्ये पगाराचं काम बघणारा माणूस १४ तारखेला संध्याकाळी गुगलवर काय टाकतो? 'चांगलं पेरोल सॉफ्टवेअर' असं नक्कीच टाकत नाही. दुसऱ्या दिवशी पीएफ भरायची शेवटची तारीख असते, ईसीआर फाइल (पीएफचं महिन्याचं विवरण) अपलोड होत नसते आणि पडद्यावर एक एरर आलेला असतो. तो त्या एररचे शब्द जसेच्या तसे टाकतो. त्या घटकेला ज्या कंपनीचं पान त्याला सोडवतं, तिचं नाव त्याच्या लक्षात राहतं. पुढे कधीतरी मालक म्हणतात, "एक्सेल पुरे झालं, एखादं सॉफ्टवेअर बघा." तेव्हा पहिला फोन त्या कंपनीला जातो.

पेरोल कंपनीत मार्केटिंगला नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं सगळं काम यावर उभं आहे. 'पेरोल सॉफ्टवेअर' या दोन शब्दांवर देशातल्या मोठ्या कंपन्या आणि तुलना करणाऱ्या साइट्स बसलेल्या आहेत. लहान कंपनीने त्यांच्याशी तिथेच झुंजायला गेलं तर वर्ष निघून जातं. पगार करणाऱ्या माणसाच्या महिन्यात मात्र अडचणीचे डझनभर दिवस असतात आणि तिथे जागा मोकळी असते.

आधी सपोर्टच्या टेबलाशेजारी बसा

पहिले दोन आठवडे वेबसाइटला हात लावू नका. सपोर्टचे फोन घेणाऱ्या ताई किंवा दादांच्या शेजारी वही घेऊन बसा आणि ग्राहकाचं पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवा. ग्राहक 'स्टॅच्युटरी कम्प्लायन्स' (कायद्याच्या अटी पाळणं) म्हणत नाही. तो म्हणतो, "या महिन्यात पीटी तीनशे कसा काय कापला?" (पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, व्यवसाय कर) किंवा "माणसाचा पगार एकवीस हजारांच्या वर गेला, ईएसआय बंद करू का?" (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा.) लोक गुगलवर लिहितात तेही असंच, फक्त बहुतेक वेळा इंग्रजी लिपीत आणि अर्धवट.

वहीत प्रश्नासमोर तारीख लिहायला विसरू नका. पेरोलचे प्रश्न तारखेला बांधलेले असतात. आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा. पीएफ आणि ईएसआय १५ तारखेपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत गुंतवणुकीचे पुरावे गोळा करण्याची धावपळ. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधी, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. जूनच्या मध्याला पगारावरच्या टीडीएसचं प्रमाणपत्र (आजवरचा फॉर्म १६). दिवाळीच्या तोंडावर ८.३३ टक्के बोनसचा हिशोब. हे कॅलेंडर भिंतीवर लावा. एखाद्या विषयाचं पान लोक तो शोधायला लागण्याच्या किमान सहा आठवडे आधी साइटवर असायला हवं, कारण गुगलला ते सापडायला, वाचायला आणि त्यावर भरवसा ठेवायला वेळ लागतो. डिसेंबरच्या वीस तारखेला कल्याण निधीवर लेख टाकला तर तो खऱ्या अर्थाने पुढच्या जूनसाठी असतो.

साइट गुगलच्या दप्तरात आहे का ते बघा

आता यंत्राकडे वळू. गुगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, फुकट आहे. डोमेनच्या डीएनएसमध्ये (साइटच्या पत्त्याच्या तांत्रिक नोंदींत) एक ओळ टाकून मालकी सिद्ध करता येते. हे काम आयटीवाल्या सहकाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून घ्या, कारण आकडे साधारण त्या दिवसापासूनच साठायला लागतात. मग 'पेजेस' हा अहवाल उघडा. किती पानं नोंदली गेली, किती वगळली आणि का वगळली, ते तिथे दिसतं. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, भरा. एका साइटमॅप फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे तुमच्या दोनशे पानांना एक फाइल पुष्कळ झाली.

इथे एक चूक वारंवार होते आणि माझ्या हातूनही झाली आहे. नवी साइट तयार होत असताना चाचणीच्या प्रतीवर 'नोइंडेक्स' खूण लावतात, म्हणजे गुगलने ती नोंदवू नये. मी ज्या कंपनीत होते तिथे साइट खुली केली त्या रात्री ती खूण काढायची राहिली. तीन आठवड्यांत पानं एकेक करून गुगलवरून नाहीशी झाली आणि आम्ही मजकुरात दोष शोधत बसलो. तेव्हापासून साइटमध्ये काहीही मोठा बदल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच महत्त्वाची पानं सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत टाकून बघते. त्याला दहा मिनिटं लागतात.

त्याच ओघात रोबोट्स डॉट टीएक्सटी आणि नोइंडेक्स यांतला फरक पक्का करून घ्या. रोबोट्स फाइल गुगलला सांगते की हे पान वाचू नकोस. पण दुसऱ्या कुणी त्या पानाला लिंक दिली असेल, तर न वाचताही त्याचा पत्ता निकालात येऊ शकतो. नोइंडेक्स म्हणजे पान वाच, पण दाखवू नकोस. एकाच पानावर दोन्ही लावलं तर गुगल ते पान वाचतच नाही आणि नोइंडेक्स त्याला दिसत नाही.

पेरोल कंपनीसाठी हा फरक जिव्हाळ्याचा आहे. तुमच्याकडे लोकांच्या सॅलरी स्लिपा आहेत, पॅन आहे, बँक खाती आहेत. कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवरची एखादी पीडीएफ लॉगिनशिवाय उघडत असेल, तर ती कधी ना कधी सर्च इंजिनच्या हाती लागेल. रोबोट्स फाइल हे कुलूप नव्हे. ती कुणालाही वाचता येते, त्यामुळे लपवायच्या फोल्डरचं नाव तिच्यात लिहिणं म्हणजे चोराला पत्ता देणं. सॅलरी स्लिप लॉगिनच्या आतच हवी आणि तिचा दुवा ठरावीक वेळाने बंद पडायला हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कंपनीवर जबाबदारी टाकली आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी तळोज्यातल्या एखाद्या हेल्परचा पगार जगाने वाचू नये, हे आपलं कर्तव्य आहे. म्हणून कामाला लागल्यावर गुगलवर 'site' हा शब्द, कोलन (:) आणि लागून तुमचं डोमेन असं इंग्रजीत टाइप करा आणि येणारे निकाल शेवटपर्यंत चाळा. नको ते काही दिसलं तर त्याच दिवशी वरिष्ठांपर्यंत न्या.

एक पान, पण पूर्ण

आता लिहिण्याचं काम. माझा आग्रह आहे की पहिल्या महिन्यात वीस लेख लिहू नका, एकच लिहा, आणि ते असं लिहा की त्या प्रश्नासाठी माणसाला दुसरीकडे जावं लागू नये. महाराष्ट्रातल्या प्रोफेशन टॅक्सचं पान घेऊ.

फेब्रुवारीचा पगार हातात आला की सपोर्टला हमखास फोन येतो: दोनशेऐवजी तीनशे का? या विषयावरची पुष्कळ पानं दरांचा तक्ता देऊन थांबतात. पुरुष कर्मचाऱ्याला दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यावर २००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पीटी नाही. तक्ता बरोबर आहे, पण 'का' याचं उत्तर त्यात नाही. ते असं आहे: राज्यघटनेच्या कलम २७६ मुळे हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिने २०० प्रमाणे २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीत. हे एवढं लिहिलं की अकाउंटंट ती ओळ कॉपी करून कामगाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तुमचं पान खऱ्या अर्थाने कामाला आलं.

मग त्याच पानावर पुढचे प्रश्न घ्या, म्हणजे वहीत लिहिलेलेच. कामगार फेब्रुवारीतच कामाला लागला तर? एखादीचा पगार ओव्हरटाइममुळे एका महिन्यापुरता २५,००० च्या वर गेला तर? मालकाचं स्वतःच्या करासाठीचं नावनोंदणी प्रमाणपत्र आणि कामगारांच्या वतीने भरणा करण्याचं प्रमाणपत्र वेगळं का असतं? प्रत्येक उत्तराला एक हिशोब सोडवून दाखवा. शेवटी आपलं सॉफ्टवेअर हे कसं हाताळतं ते दोन परिच्छेदांत, खऱ्या स्क्रीनच्या चित्रासह सांगा. जाहिरात तेवढीच. पान लिहिल्यावर कंपनीतल्या जाणकाराकडून, सीएकडून किंवा लेबर लॉ कन्सल्टंटकडून तपासून घ्या. तपासणाऱ्याचं नाव त्यांच्या संमतीने आणि तपासल्याची तारीख पानावर दाखवा. पैशाशी संबंधित विषयांत गुगल भरवशाला जास्त वजन देतं. आणि गुगल नसतं तरी चुकीचा दर लिहिणं म्हणजे कुणाच्या तरी पगारातून चुकीचा पैसा कापायला लावणं आहे.

ईएसआयचं उदाहरण याहून बोलकं आहे. पगार २१,००० च्या वर गेला की कपात लगेच थांबवायची, असं अनेक जण धरून चालतात. ईएसआयचे अंशदान कालावधी दोन आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालावधी सुरू असताना मध्येच पगार वाढला तर तो संपेपर्यंत कपात चालू राहते, कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के, तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. ऑगस्टमध्ये पगारवाढ झालेल्या माणसाचा सप्टेंबरपर्यंतचा तक्ता पानावर मांडा. असा तक्ता मांडलेला क्वचित सापडतो, म्हणून त्याला किंमत आहे.

शीर्षक, पत्ता आणि वर्षाचा घोळ

पानाचं शीर्षक म्हणजे निकालात दिसणारी निळी ओळ. तिच्यात लोकांचा प्रश्न हवा, कंपनीचं नाव शेवटी. 'मेटा कीवर्ड्स' भरत बसू नका. गुगल ते क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्याने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. खालचं दोन ओळींचं वर्णन मात्र नीट लिहा. त्याने क्रमांक वाढत नाही, पण माणूस क्लिक करायचं की नाही ते त्यावरून ठरवतो.

पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका. 'पीटी-महाराष्ट्र-२०२४' असा पत्ता केला की पुढच्या वर्षी नवं पान करावंसं वाटतं, आणि जुन्या पानाने कमावलेला मान तिथेच अडकतो. पत्ता एकच ठेवा, आतला मजकूर ताजा करा. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर कायमचं रीडायरेक्ट द्या.

ताजं ठेवणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी मेहनत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले. वेतनाची व्याख्या बदलली: मूळ पगार आणि महागाई भत्ता यांबाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. ज्या कंपनीच्या पानांवर जुनीच कलमं उभी राहतात, तिच्या सॉफ्टवेअरवर लोक भरवसा ठेवणार नाहीत. एक साधी शीट ठेवा: पान, त्यातले कायद्याचे आकडे, शेवटची तपासणी, पुढची तपासणी. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो, त्या दिवशी सुट्टी घेऊ नका.

मराठीत लिहायचं का?

लिहा, पण कुणासाठी ते ठरवून. सॉफ्टवेअर विकत घेणारा मालक किंवा एचआर शोध बहुधा इंग्रजीतच घेतो. सॅलरी स्लिप हातात घेऊन 'हे काय कापलं' असं विचारणारा कामगार मात्र मराठीत वाचतो. त्याच्याकडून विक्री होणार नाही, तरी मी ती पानं लिहायला लावते. कामगारांच्या एचआरला रोज तेच प्रश्न येतात आणि पाठवायला मराठीत धड काही नसतं. अशी पानं ग्रुपमधून फिरतात. एकच पान दोन भाषांत असेल तर एचरेफलँग खुणेने (कोणतं पान कोणत्या भाषेत आहे ते गुगलला सांगणारी खूण) दोन्ही एकमेकांना जोडा. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता टाकू नका. 'ग्रॉस' चं 'ढोबळ' झालेलं पान वाचून रबाळ्यातला सुपरवायझर तिथूनच परत जाईल.

ठाणे, ऐरोली, महापे: नकाशावरची जागा

'पेरोल सॉफ्टवेअर निअर मी' किंवा 'पेरोल कंपनी ठाणे' असं शोधणारे थोडे असतात, पण त्यांना प्रत्यक्ष भेटायचं असतं. ते गंभीर ग्राहक. त्यांच्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल भरा. स्थानिक निकालांत गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही, उरलेलं बऱ्यापैकी आहे. पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर लिहा. नावापुढे 'बेस्ट पेरोल सॉफ्टवेअर ठाणे' जोडणं नियमाविरुद्ध आहे आणि प्रोफाइल बंद पडू शकते.

पत्त्याचा आपल्याकडे खास गोंधळ आहे. ऐरोली, घणसोली, महापे, वाशी नवी मुंबईत आहेत आणि जिल्हा ठाणे. खारघर, तळोजा, पनवेलचा जिल्हा रायगड. त्यामुळे एकाच ऑफिसचा पत्ता एका ठिकाणी 'नवी मुंबई', दुसरीकडे 'ठाणे', तिसरीकडे 'टीटीसी इंडस्ट्रियल एरिया' (नवी मुंबईतला एमआयडीसीचा पट्टा) असा पडतो. एक रूप ठरवा आणि वेबसाइट, प्रोफाइल, व्यापारी याद्या, सगळीकडे तेच ठेवा.

रिव्ह्यू मागायला लाजू नका. ग्राहकाचा पहिला पगार सुरळीत झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मागा. पैसे किंवा सवलत देऊन मात्र घेऊ नका. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना ग्राहकाच्या पगाराचा किंवा कामगारसंख्येचा उल्लेख चुकूनही नको.

आणि एक कळकळीची विनंती. कुणीतरी सुचवेल की घोडबंदर रोड, नौपाडा, कोपरखैरणे, तुर्भे, अंबरनाथ असं प्रत्येक जागेचं एकेक पान करा, फक्त गावाचं नाव बदलायचं. याला डोअरवे पानं म्हणतात आणि गुगलच्या स्पॅम नियमांत ती बसत नाहीत. जागेचं पान करायचंच असेल तर सांगण्यासारखं काही असावं. टीटीसीच्या पट्ट्यात कंत्राटी कामगारांचा पगार आणि मूळ कंपनीची जबाबदारी हा प्रश्न खरा आहे. माइंडस्पेससारख्या आयटी पार्कांत रात्रपाळीचे भत्ते आणि गाडीची सोय. वाशीच्या एपीएमसी भागात हजेरीची रीतच निराळी. अशी तीन पानं चाळीस नक्कलांपेक्षा मोलाची.

वेग आणि तांत्रिक सफाई

यात फार अडकू नका. पेजस्पीड इनसाइट्समध्ये पान टाका. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा आणि मजकूर हलण्याचं माप ०.१ च्या आत असावं. पहिल्या पानावरचे फिरते फोटो काढले तरी अर्धं काम होतं. गुगल आता मोबाइलवरची प्रतच वाचतं, तेव्हा मोबाइलवर तक्ता कापला जात नाही ना, तेवढं बघा.

एका गोष्टीवर मात्र वेळ घालवा: कॅल्क्युलेटर. पगाराची रक्कम टाकली की पीएफ, ईएसआय, पीटी वजा होऊन हातात किती येईल ते दाखवणारं साधं पान. लोक त्यावर परत परत येतात आणि इतर साइट्स आपणहून लिंक देतात. फक्त आकड्यांच्या चौकटीखाली हिशोबाचे नियम मजकुरात लिहा, नाहीतर गुगलला वाचायला काही उरत नाही.

लिंका कुठून येतील

विकतच्या नकोत. २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (क्रमवारीच्या पद्धतीतला एक बदल) गुगल अशा लिंकांच्या मागे आहे. तुमच्या खऱ्या ओळखी मोजा. बायोमेट्रिक हजेरीची मशिनं बसवणारे विक्रेते, टॅलीचे भागीदार, तुमचं सॉफ्टवेअर वापरणारे सीए आणि लेबर कन्सल्टंट. यांच्या साइटवर 'कशाशी जोडता येतं' असं पान असतं, तिथे तुमचं नाव असायला हवं. ठाण्यातली टिसा (ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन) आणि रबाळ्यातली ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन या उद्योजकांच्या जुन्या संघटना आहेत. तिथे जाऊन नव्या वेतनव्याख्येवर तासभर बोला, विकू नका. दुसऱ्या दिवशी लोक तुमच्या कंपनीचं नाव गुगलवर टाकतात आणि हा शोध सगळ्यात पक्का.

काय मोजायचं

वरिष्ठ विचारतील, "आपण कितव्या नंबरवर आहोत?" त्यांना पानागणिक क्लिक आणि त्यातून आलेल्या डेमोच्या मागण्या दाखवा. मागच्या महिन्याशी तुलना करू नका. पीटीचं पान मार्चमध्ये पडणारच. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचेच आकडे ठेवतं, म्हणून दर महिन्याला ते उतरवून घ्या, नाहीतर दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी हाती लागणार नाही.

गुगल आता पुष्कळ प्रश्नांना वरच एआयने उत्तर देतं. 'पीएफ भरायची तारीख' यासारख्या शोधातून क्लिक कमी होतील, ते स्वीकारा. सोडवलेले हिशोब, एररची चित्रं, कॅल्क्युलेटर यांसाठी माणूस पानावर येतोच, म्हणून मेहनत तिकडे वळवा.

डेमोच्या फॉर्मवर 'आमच्याबद्दल कुठून कळलं' हा रकाना मोकळा ठेवा, यादीतून निवडायला लावू नका. तिथे कुणी लिहितं, 'ईसीआरचा एरर शोधताना'. तो फॉर्म छापून सपोर्टच्या टेबलावर लावा. ते वाक्य पहिल्यांदा याच टेबलावरच्या फोनवर ऐकून तुम्ही वहीत उतरवलेलं असतं.